पोटमाळा टाकण्याआधी मालकाची सही

जागा भाड्याची असते, धंदा आपला असतो. धंदा वाढला की जागा अपुरी पडते. मग पोटमाळा टाकतात, मधली भिंत पाडतात, खिडकीच्या जागी शटर बसवतात. भाईंदर पूर्वेचा भांड्यांचा गाळा असो की नयानगरच्या खोलीतला जरीचा अड्डा, ‘शेठला सांगितलंय, ते हो म्हणाले’ एवढ्यावर गवंडी बोलावला जातो. शेठ हयात आहेत तोवर निभते. मुलांच्या हाती मालमत्ता आली की वकिलाची नोटीस येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे कलम १६ व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर मालक कोर्टातून जागेचा ताबा मागू शकतो. लेखी, हा शब्द विसरू नका. तोंडी होकारावर विसंबणे म्हणजे जमलेली गिऱ्हाइकी पणाला लावणे.

लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धुराडे ही कामे कायद्याने त्यातून वगळली आहेत. मात्र महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती हवीच. बाकीच्या कामांत कोर्ट काय पाहते? मुंबईच्या व्यंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली याचा विचार केला. बांधकाम कसे जोडले आहे, इमारतीला धक्का न लावता ते काढता येते का, कोणत्या हेतूने केले, हे पाहिले जाते. नट-बोल्टवर उभा केलेला माळा आणि भिंतीत गर्डर घुसवून टाकलेला स्लॅब कोर्टाच्या नजरेत सारखे नाहीत.

आपल्या भागात ‘मालक कोण?’ हाही घोळ जुना आहे. १८७० साली इंग्रज सरकारने भाईंदर, मिरे आणि घोडबंदरच्या जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीने त्या हक्कावर दावा सांगितला आणि इमारती बांधताना तिच्या ना-हरकत दाखल्यावरून बरीच भांडणे झाली. भाडेकरूने त्यात शिरू नये. आपला करार ज्याच्याशी आहे आणि जो भाडेपावती देतो, त्याची सही घ्यावी. पोटभाड्याने बसला असाल तर मात्र मूळ मालकाचीही घ्या.

अर्ज साधा असावा. कामाचे माप, साहित्य, खर्च कोणाचा आणि जागा सोडताना काम काढायचे की ठेवायचे, एवढे लिहा. नकलेवर मालकाची सही आणि तारीख घ्या. मालक टाळत असेल तर पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा. पण उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे समजू नका.

अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असाल तर फेरफाराची अट करारातच घाला. मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते, म्हणून अशा जागेत मोठा पैसा ओतू नये, असे आमचे मत आहे.

दुरुस्तीची गोष्ट वेगळी. ती मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. गळक्या पत्र्याची पावती, मजुरीची चिठ्ठी आणि नोटिशीची नक्कल एकाच फाइलीत ठेवा.