आतली खोली आणि पाहणारे डोळे

शास्त्रपाठ : मत्तय ६:१-६, अनुवाद २४:१०-११, स्तोत्र १३९, कलस्सैकरांस पत्र ३:२२-२५



चेन्नईच्या दक्षिण भागात, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत, पेरुंगुडी नावाचे उपनगर आहे. त्याच्या एका अंगाला पल्लीकरणैची पाणथळ भूमी पसरली आहे. २०२२ साली तिची गणना रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांत झाली. दुसऱ्या अंगाला संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. २००० साली शेजारच्या तरमणी येथे टायडेल पार्क सुरू झाले आणि पुढे या रस्त्याचे रूपच पालटले. आज या कार्यालयांत देशाच्या सर्व भागांतून आलेली तरुण मंडळी काम करतात. त्यांत आपल्या पुण्या-सोलापुराकडचे, जालन्या-कोल्हापुराकडचे विश्वासणारेही आहेत.

त्यांच्यापैकी काहींबरोबर शास्त्राभ्यास करताना कार्यालयातील पाळतीविषयी बोलणे निघाले. फाटकात ओळखपत्र, दाराशी अंगठा किंवा चेहरा, छताला कॅमेरा, संगणकात प्रत्येक हालचालीची नोंद आणि दूरध्वनीवरील प्रत्येक शब्दाचे ध्वनिमुद्रण असा तेथला दिनक्रम आहे. त्यावर तीन मते सहज बोलून दाखवली गेली. पहिले, “ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवायचे काय?” दुसरे, “देव तर सर्व पाहतोच; मग माणसाने पाहिले म्हणून काय बिघडले?” तिसरे, “विज्ञान पुढे चालले आहे, यंत्राला ना राग ना लोभ. त्याच्याविषयी तक्रार कशाला?”

ही मते आपल्या घरोघरी आणि मंडळ्यामंडळ्यांतही ऐकू येतात. ती भक्तिभावाची वाटतात, म्हणूनच शास्त्राच्या प्रकाशात त्यांची पारख करणे अगत्याचे आहे.

१. आतली खोली

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्या शिष्यांना प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगतो (मत्तय ६:६). येथे मूळ ग्रीक शब्द ‘तामेइओन’ असा आहे. नव्या करारात तो चारच ठिकाणी येतो. लूक १२:२४ मध्ये कावळ्यांना जे नसते असे प्रभू म्हणतो, ते साठवणीचे ठिकाण म्हणजे हाच शब्द. त्याचा मूळ अर्थ कोठीची खोली असा आहे. धान्य, तेल, मोलाच्या वस्तू जेथे ठेवायच्या, ती घरातली अगदी आतली जागा. सामान्य माणसाच्या घरात आतून बंद करता येईल अशी जागा असलीच तर तीच असे.

भाषांतरकाराला येथे थोडे थांबावे लागते. मराठीत ‘देवघर’ हा शब्द हाताशी आहे, पण तो येथे चालणार नाही. प्रभूने पूजेसाठी राखून ठेवलेली जागा सांगितलेली नाही. त्याने दाणेगोटे ठेवण्याची कोठी सांगितली आहे. तिचे पावित्र्य सजावटीत नसून बंद दारात आहे. आणि ते दार आत गेलेल्या माणसाने स्वतः लावायचे आहे. अलिशाने शूनेमकरिणीच्या मृत मुलाजवळ जाऊन दार लावले आणि मग प्रार्थना केली (२ राजे ४:३३). यशया २६:२० मध्येही देव आपल्या लोकांना खोल्यांत जाऊन दारे लावून घेण्यास सांगतो, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तेथे हाच कोठीचा शब्द आला आहे.

म्हणून पहिल्या मताला शास्त्राचे पहिले उत्तर असे की, दार लावून घेणारा प्रत्येक जण काही पाप लपवत नसतो. प्रभूच्या आज्ञेनुसार जो दार लावतो, तो आपल्या जीवनातील अत्यंत मोलाची गोष्ट जपत असतो. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी एका भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे राहतात. तेथे ही आज्ञा पाळण्यासाठी गच्चीचा कोपरा शोधावा लागतो. ज्यांना दार सहज मिळते, त्यांनी हे विसरू नये.

“पण लूक १२:३ मध्ये काय?” असा प्रश्न येथे कोणी विचारील. कोठीत कुजबुजलेले धाब्यावरून गाजवले जाईल, असे तेथे म्हटले आहे, आणि शब्दही हाच आहे. खरे आहे, पण संदर्भ पाहावा. पहिल्या वचनात परूश्यांच्या ढोंगाविरुद्ध इशारा आहे, आणि चौथ्या वचनात जिवे मारणाऱ्यांना भिऊ नका असा धीर आहे. शेवटी सर्व उघड करणे हे देवाचे काम आहे. ते आज आपल्या हाती घेण्याची परवानगी या वचनाने कोणा माणसाला दिलेली नाही.

२. जो पाहतो तो झाकतोही

दुसरे मत अधिक नाजूक आहे. देव सर्व पाहतो, हे तर आपण लहानपणापासून शब्बाथ शाळेत शिकलो. परंतु तो कसा पाहतो?

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम याने १७८७ साली लिहिलेल्या पत्रांतून एका तुरुंगाची कल्पना मांडली. १७९१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गोल इमारत, मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. मनोऱ्यातील पहारेकऱ्याला सर्व कैदी दिसावेत, पण पहारेकरी आत आहे की नाही हे कैद्याला कधीच कळू नये, म्हणजे तो सदैव धाकात राहील, अशी ती योजना होती. विशेष हे की बेंथॅमच्या हस्तलिखितांत या योजनेसाठी स्तोत्र १३९ मधील ओळी बोधवाक्यासारख्या घेतलेल्या आढळतात. देवाच्या सर्वज्ञतेचे स्तोत्र पहारेकऱ्याच्या मनोऱ्यावर चढवण्यात आले!

वाचकहो, हे स्तोत्र पुन्हा सावकाश वाचा. त्यातील पाहणारा गर्भात माणसाला घडवणारा निर्माता आहे (वचन १३). तो पाहतो तेथे हाताला धरून नेतो (वचन १०). आणि स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता स्वतःच आपले अंतःकरण पारखून पाहण्याची विनंती देवाला करतो (वचने २३-२४). धाकाने गप्प बसलेला कैदी अशी विनंती कधी करील काय?

एदेन बागेत आदाम व हव्वा यांची नग्नता देवाने पाहिली, आणि त्याने त्यांना वस्त्रे करून घातली (उत्पत्ती ३:२१). रानात हागारेला देवाचे पाहणे कळले ते तिची विचारपूस झाली तेव्हा (उत्पत्ती १६:१३). नोहा डेऱ्यात उघडा पडला असता हामाने ते पाहून बाहेर जाऊन सांगितले. शेम व याफेथ यांनी मात्र पाठमोरे चालत जाऊन बापाला पांघरूण घातले (उत्पत्ती ९:२०-२३). आणि मत्तय ६:६ मध्ये तर पिता त्या गुप्त ठिकाणीच आहे असे प्रभू सांगतो. तो दाराच्या फटीतून डोकावत नाही, तो आत आपल्याबरोबर आहे. लावदिकीयाच्या मंडळीच्या दाराशी तोच प्रभू उभा राहून ठोठावतो (प्रकटीकरण ३:२०). ज्याला सर्व अधिकार आहे, तो ठोठावतो. मग ज्याला तो अधिकार नाही, त्याने न ठोठावता आत यावे काय?

३. उंबरठ्याबाहेर उभे राहा

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. शेजाऱ्याला काही उसने दिले असेल तर गहाण आणण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, आणि ऋणकोने स्वतः गहाण बाहेर आणून द्यावे (अनुवाद २४:१०-११). सावकाराचे येणे खरे आहे, हे शास्त्र नाकारत नाही. पण येणे आहे म्हणून उंबरठा ओलांडण्याचा हक्क मिळत नाही. गरिबाजवळ पैसा नसेल, पण त्याच्या घराला उंबरठा आहे.

या आज्ञेचे मोल आपल्या देशाला अलीकडे फार महागात कळले. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी कर्जदाराच्या फोनमधील नातलगांचे क्रमांक व छायाचित्रे उचलली, आणि हप्ता चुकला की त्याच माहितीने त्याची विटंबना केली. कित्येक कुटुंबे यात होरपळली. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने मार्गदर्शक सूचना काढून कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील संपर्कयादी, फाइली व संभाषणांच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. सावकाराने बाहेर उभे राहावे, हीच ती जुनी आज्ञा.

देशाच्या कायद्यानेही या दिशेने वाटचाल केली आहे. १९९४ साली ‘राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माणसाला त्याच्यापुरते राहू देण्याचा हक्क मान्य केला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधार योजनेविरुद्ध याचिका केली होती. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तथापि, नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून हाताळण्याची मुभा त्या कायद्यात मालकाला ठेवलेली आहे. म्हणजे जेथे कायदा सैल आहे तेथे सदसद्विवेकाचे काम सुरू होते. आपल्यापैकी जे अधिकारपदावर आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे.

४. तोंडदेखली चाकरी

मग कार्यालयाने कामाचा हिशेब मागूच नये काय? असे शास्त्र म्हणत नाही. दानिएल राजाचा अधिकारी होता. विरोधकांनी त्याचा कारभार तपासला आणि त्यांना त्यात दोष सापडला नाही (दानिएल ६:४). ही तपासणी योग्यच होती. पण कामात काही हाती लागेना, तेव्हा त्यांनी त्याच्या प्रार्थनेच्या माडीवर पाळत ठेवली. तेथे मर्यादा ओलांडली गेली. दानिएलाची खिडकी उघडी होती, ती त्याने स्वतः उघडली होती. तरी त्यामुळे पाळत ठेवणारे निर्दोष ठरत नाहीत.

सेवकांना लिहिताना पौल ‘ओफ्थाल्मोदुलिया’ असा शब्द वापरतो (कलस्सै ३:२२, इफिस ६:६). शब्दशः अर्थ ‘डोळ्यांची चाकरी’, म्हणजे मालकाचे डोळे असतील तोवरच केलेले काम. आपण त्याला तोंडदेखली चाकरी म्हणतो. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. जितके डोळे वाढवावेत, तितकी ही चाकरी वाढते! २०२४ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे वृत्त आले. संगणकावर काम चालू असल्याचा खोटा आभास त्यांनी निर्माण केला होता. यंत्र हालचाल मोजत होते, म्हणून माणसांनी यंत्राला हालचाल दिली. त्यांचे वागणे खोटेपणाचे होते यात संशय नाही. परंतु विश्वासाची जागा मोजमापाने घेतली की मालक व सेवक दोघेही तोंडदेखले होतात, हेही तितकेच खरे. पौलाचा उपाय वेगळा आहे. प्रभूसाठी जिवेभावे काम करा. कोणी पाहत असो वा नसो.

५. विज्ञानाचा डोळा

आता तिसरे मत. १८९५ साली रोंटगेन याने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाच्या आतली हाडे दिसू लागली. याहून खोल पाहणे कोणते? तरी आपण निर्धास्तपणे त्या यंत्रापुढे उभे राहतो. कारण ते पाहणे रुग्णाच्या भल्यासाठी असते, दुखऱ्या भागापुरते असते, त्याच्या अनुमतीने असते, आणि डॉक्टर ते गावभर सांगत नाही. यंत्राला लोभ नसतो हे खरे; पण ते कोणी, कोठे व कोणावर रोखले, यात लोभ असू शकतो. म्हणून प्रत्येक पाहणाऱ्या यंत्राला तीन प्रश्न विचारावेत : हे पाहणे कोणाच्या हितासाठी? कोठपर्यंत? आणि कोणाच्या अनुमतीने?

हेच प्रश्न आपल्या वसाहतीलाही लागू पडतात. अनेक गृहसंकुलांत घरकाम करणाऱ्या बाईची ये-जा फोनवर नोंदली जाते आणि जाताना तिची पिशवी तपासली जाते. घरमालकाची पिशवी कोणी उघडत नाही. स्वतःच्या खाजगीपणाविषयी आपण हळवे असतो. तिच्या उंबरठ्याचे काय?

६. आपल्या मंडळीत

शेवटी आपल्या घराकडे वळू. एखाद्या बहिणीचे आजारपण, एखाद्या घरातला कलह, कोणाची गेलेली नोकरी या गोष्टी ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून नावानिशी व्हॉट्सॲपवर फिरतात. तासाभरात त्या तीन शहरांत पोचतात. हेतू चांगला असेल. पण तिला विचारले होते काय? चहाडखोर गुप्त गोष्टी उघड करतो आणि विश्वासू माणूस त्या झाकतो, असे नीतिसूत्रे ११:१३ शिकवते. हामाने जे पाहिले तेच त्याच्या भावांना कळले. फरक होता तो पुढे काय केले यात. कार्यालयाच्या कॅमेऱ्याविरुद्ध बोलण्यापूर्वी आपल्या हातातील फोन आपण शेमासारखा वापरतो की हामासारखा, हे तपासावे.

देव सर्व पाहतो, हे खरे आहे, आणि त्याच्या पाहण्याचा नमुना आपल्यापुढे ठेवलेला आहे. जो सर्वांत अधिक जाणतो, तोच सर्वांत अधिक झाकतो. त्याची लेकरे म्हणवून घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दाराशी थांबावे, ठोठावावे, आणि आत बोलावले नाही तर बाहेरच उभे राहावे. आणि दररोज काही वेळ आपले स्वतःचे दार लावून घ्यावे, कारण पिता तेथे वाट पाहत आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा राहत्या जागी ‘आतली खोली’ कोणती? ती ज्यांना नाही, त्यांच्यासाठी आपली मंडळी काय करू शकेल?
२. अनुवाद २४:१०-११ ही आज्ञा मालक, आईबाप, शिक्षक व पाळक यांना आज कशी लागू पडते?
३. मागील आठवड्यात आपण इतरांची कोणती बातमी पुढे पाठवली? त्यांची अनुमती होती काय?
४. कोणी पाहत नसताना आपण करीत असलेले एक काम आठवा. ते प्रभूसाठी आहे असे निर्भयपणे म्हणता येते काय?