शिवी असलेलं पुस्तक वर्गात वाचावं का?

नववीत असताना बाई एक उतारा वाचत होत्या. त्यात सावकार आदिवासी गड्याला जातीवरून शिवी देतो. वर्गात हशा पिकला. मधल्या सुट्टीत तीच शिवी आमच्या वर्गातल्या एका वारली मुलाला चिकटली, ती वर्षभर. मीही हसले होते. म्हणून बरीच वर्षं माझं मत होतं की असे धडे शाळेत नकोतच.

हा वाद फक्त आपला नाही. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही वर्णद्वेषावरची कादंबरी १९६० साली आली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मुकिल्टिओ इथल्या शाळा मंडळाने ती नववीच्या सक्तीच्या वाचनातून काढली. मात्र शिक्षकांना ती शिकवायची मुभा ठेवली. काही शिक्षकांचा आक्षेप असा होता की यात काळ्या माणसाचं दुःख गोऱ्यांच्याच नजरेतून दिसतं.

मराठीत हा आक्षेप तपासायला दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघू. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालती बेडेकर, यांची 'बळी' १९५० ची. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवणाऱ्या सेटलमेंटचं जग या कादंबरीत आहे. लेखिकेने त्या खात्यात नोकरी केली होती. त्यामुळे तपशील खरा आणि कळवळाही खरा. पण नजर कुंपणाबाहेरची. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र राहिला. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन आलं. दुसऱ्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने लोक हिणवत, तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. शब्द तोच, पण आता तो उच्चारणारा माणूस वेगळा. हा फरक शिकवायचा, तर दोन्ही पुस्तकं हवीत.

आपल्या सिल्वासाजवळचंच उदाहरण म्हणजे गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. तलासरी-उंबरगाव भागात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची ही हकीकत. लेखिका बाहेरून आलेल्या, तरी त्यातले वारली नुसते मार खात नाहीत, संप करतात. आमच्या वर्गात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या नाताळात तो वर्गमित्र भेटला. मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, धडा वाईट नव्हता. घंटा झाली म्हणून बाई थांबल्या. पुढं तो गडी सावकाराला काय बोलतो, ते कुणी वाचलंच नाही. मी घरी जाऊन वाचलं."

माझं मत तिथे बदललं. पुस्तक काढून टाकलं असतं, तर त्याला ते पुढचं पानही मिळालं नसतं. पण जसं शिकवलं, तसं शिकवणंही चूकच. म्हणून माझं म्हणणं एवढंच: शिवी येणार असेल, तर बाईंनी किंवा सरांनी आधी तिचा इतिहास सांगावा, ती मोठ्याने वाचायला मुलांना लावू नये, ज्याच्यावर लिहिलंय, त्याच समाजातल्या लेखकाचं एक पान सोबत द्यावं, आणि प्रसंग अर्ध्यावर सोडू नये, तास संपला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करावी.

आपल्यातले कितीतरी जण उद्या बी.एड. करून इथल्याच शाळांत उभे राहणार आहेत. वर्गात हशा पिकला, तर तेव्हा तुम्ही काय कराल? मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर बोलूया.