कृमी असलेली गोड्या पाण्यांतील मासळी खाण्यास योग्य कीं अयोग्य ?

शेततळ्यांत अगर गांवतळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांची जोपासना करणाऱ्या शेतकरीबंधूंस असा अनुभव येतो कीं, जाळें ओढल्यावर कांहीं माशांच्या खवल्यांत दोऱ्यासारखे किडे रुतलेले दिसतात, किंवा मासा कापल्यावर मांसांत पिवळे दाणे आढळतात. असा मासा दादर-लालबागच्या मंडईंत गेला तर गिऱ्हाईक नाक मुरडतें. गिरगांव-परळकडील जुनी वस्ती समुद्राच्या मासळीवर वाढलेली. पापलेट-बोंबलांपुढें तळ्याच्या माशाविषयीं तिच्या मनांत आधींच अढी, त्यांत किडा दिसला म्हणजे सौदाच मोडला. असा माल खरोखर टाकून देण्याजोगा असतो काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, डोळ्यांस सहज दिसणारी माशाची कीड बहुधा माणसास बाधत नाहीं, आणि जी बाधते ती बहुधा दिसत नाहीं. अंगावर चपटी, वाटोळी, चिकटून सरकणारी कीड म्हणजे आर्ग्यूलस अथवा माशांची ऊ. मांसांत तोंड रोवून शेपटी बाहेर सोडणारी ती लर्निया, हिला नांगरकृमी म्हणावें. या दोन्ही कोळंबी-खेंकड्यांच्या गोत्रांतील आहेत. माणसाच्या शरीरांत त्या जगत नाहींत. कोळंबी आवडीनें खाणारानें त्यांचा इतका विटाळ मानावा हें नवलच ! तेवढा भाग कापून काढल्यावर ताजा मासा खाण्यास कांहींच हरकत नाहीं. मात्र ज्याच्या अंगावर व्रण पडून मांस कुजूं लागलें आहे, तो मासा टाकावा. तेथें भय किड्याचें नसून सडण्याचें आहे.

पिवळे दाणे हे क्लिनोस्टोमम नांवाच्या चपट्या कृमीचे कोश होत. हा कृमी बगळ्याच्या तोंडांत व घशांत पूर्ण वाढतो. त्याचीं अंडीं पाण्यांत पडतात, तेथून गोगलगाय, गोगलगाईंतून मासा, आणि माशांतून पुन्हा बगळा, असें हें रहाटगाडगें चालतें. जपान व कोरियांत कच्चा मासा खाणारांच्या घशास हा कृमी चिकटून घसा सुजल्याचीं उदाहरणें आहेत. शिजल्यावर तो मरतो.

खरी भीति पुढच्या दोहोंची. मरळीसारख्या माशाच्या मांसांत नॅथोस्टोमा कृमीची तीन-चार मिलिमीटर लांबीची अळी असूं शकते. तिचें खरें घर कुत्र्या-मांजराचें पोट. माणसांत ती वाढ पुरी न होतां कातडीखालीं, प्रसंगीं डोळ्यांत वा मेंदूंत भटकते. दुसरा यकृतकृमी, ऑपिस्थॉर्किस. याचा कोश मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाएवढा, आणि रोहू-कटल्याच्या कुळांतील माशांत सयाम देशीं म्हणजे थायलंडांत तो विपुल. तेथील ईशान्य भागांत कच्च्या माशाचें कालवण खाण्याच्या चालीमुळें पित्तनलिकेचा कर्करोग पसरला, आणि १९९४ सालीं जागतिक कर्करोगसंशोधन संस्थेनें या कृमीस कर्करोगकारक ठरविलें. आपल्याकडे मासा शिजवूनच खातात, हा मोठा बचाव आहे. पण मुंबईच्या उपाहारगृहांतून अलीकडे कच्च्या माशाचे जपानी पदार्थ मिळूं लागले आहेत. गोड्या पाण्यांतील मासा त्या कामीं मुळींच वापरूं नये.

लिंबू, कोकमाचें आगळ, मीठ-हळद यांनीं चव येते, कृमी मरतातच असें नाहीं. मांस आंतपर्यंत ६३ अंश सेंटिग्रेड तापलें पाहिजे. कालवणास चांगली उकळी आली म्हणजे तें होतें. परंतु मोठ्या कटल्याचा जाड तुकडा तव्यावर बाहेरून लाल होतो आणि कांट्याजवळ कच्चा राहतो, म्हणून तुकडे पातळ करावे. बर्फांत घातल्यानें कृमी मरत नाहींत. त्यास उणें २० अंशांवर सात दिवस गोठवावें लागतें, आणि एवढी थंडी घरच्या साध्या पेटींत नेहमीं मिळत नाहीं. कच्चा मासा चिरलेली विळी धुतल्याविना कोथिंबिरीस लावूं नये.

माशाचीं आंतडीं कोठें टाकावीं, हाही प्रश्न लहान नाहीं. परळ येथें १८९९ पासून असलेल्या प्रयोगशाळेंत (१९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) डॉ. तर्खड यांनीं नारूवर संशोधन केलें होतें. नारू पाण्यांतील सूक्ष्म सायक्लॉप्स पोटांत गेल्यानें होतो. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. परंतु आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून कुत्र्यांत नारू आढळूं लागला. माशांचीं टाकलेलीं आंतडीं खाऊन त्यांस तो होत असावा असें दिसल्यावरून तीं पुरण्याची शिकवण तेथें देण्यांत आली. आपणही तळ्याकांठीं आंतडीं फेकूं नयेत, खड्ड्यांत पुरावीं, आणि शौचाचें पाणी तळ्यांत येऊं देऊं नये.

उवा झाल्या म्हणून पिकांवरील कीटकनाशक तळ्यांत ओतण्याची चाल कित्येक ठिकाणीं पडली आहे, ती किड्यांहून वाईट. शिजवल्यानें कीड मरते, विष जातेंच असें नाहीं. आर्ग्यूलस आपलीं अंडीं कठीण वस्तूस चिकटवितो. म्हणून पाण्यांत फळ्या अगर बांबू उभे करावे, दर चार-पांच दिवसांनीं काढून उन्हांत खडखडीत वाळवावे व पुन्हा लावावे. पीक काढल्यावर तळें आटवून तळ उन्हांत तापूं द्यावा, चुना मारावा, आणि नवें बीज सोडण्यापूर्वीं त्याचे खवले व कल्ले तपासून घ्यावे.