मृत खातेदाराची जमीन आणि वारसनोंद

खातेदाराचे निधन होताच त्याच्या जमिनीवरील हक्क कायद्याने वारसांकडे जातो. त्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या आदेशाची आवश्यकता नसते. सातबारा उताऱ्यावर मात्र मृताचे नाव तसेच राहते, आणि कित्येक गावांत ते दोन-दोन पिढ्या राहिलेले आढळते. पीककर्ज असो वा भूसंपादनाचा मोबदला, प्रथम आड येते ते हेच नाव. तोवर वारसांपैकीही काही निवर्तलेले असतात आणि साधी नोंद जिकिरीची होऊन बसते. २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात आरंभ होऊन पुढे राज्यभर राबविण्यात आलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेमागे हेच कारण होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास तसे कळवावयाचे असते. तोंडी वर्दीही चालते, आणि तिची लेखी पोच देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. पोच मागून घेणारे वारस मात्र थोडेच. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये व नाते सांगणारे शपथपत्र जोडले जाते. प्रकरण गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत घेण्यात येते. स्थानिक चौकशीनंतर वारस निश्चित झाले की नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो, त्याची प्रत चावडीवर लावतात व संबंधितांना नोटिसा देतात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते.

या साऱ्यात खरी कसोटी लागते ती स्थानिक चौकशीत. “लेक परक्या घरी गेली, तिचे नाव कशाला?” असे चावडीवर सहज म्हटले जाते आणि तिचे नाव वारसांच्या यादीतूनच गळते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ असा भेद करीत नाही. समजा, मृताची स्वकष्टार्जित जमीन ४ हेक्टर आहे, मृत्युपत्र नाही, आणि मागे आई, विधवा, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. पाचही जण समान वारस ठरतात. प्रत्येकाचा हिस्सा ८० आर. मृताच्या आईचा विसर तर सुशिक्षितांनाही पडतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः सहदायकाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. अन्य धर्मीयांना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा दिसतो. तो मालकीचा नव्हे, कारभाराचा शेरा होय. तरीही इतर भावंडांची नावे नसल्याने पुढची पिढी सारी जमीन आपलीच समजू लागते, आणि तंट्याचे मूळ तेथे सापडते.

बहिणीला हिस्सा सोडावयाचा असेल तर तिची तोंडी संमती किंवा साध्या कागदावरील सही पुरेशी नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले हक्कसोडपत्रच लागते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसली तरी त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. परंतु तीमुळे मालकी निर्माण होत नाही, तसेच नाव गाळल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. नाव गाळल्या गेलेल्या वारसास ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मालकीचाच वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते.