ग्रंथांचे वर्गीकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

ग्रंथालयात पुस्तक असणे आणि ते वाचकाला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते. म्हणून वर्गीकरण हे केवळ कारकुनी काम नव्हे.

मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आहेत. धर्मासाठी २०० ते २९९ हे क्रमांक राखलेले आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे गेले व बौद्ध धम्माला २९४.३ एवढीच जागा मिळाली. पुढे १९३३ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी विषयाचे निरनिराळे पैलू जोडून दाखविणारी द्विबिंदू पद्धती मांडली. तात्पर्य, वर्ग निसर्गाने पाडलेले नसून माणसाने पाडलेले आहेत.

आता या कामात संगणक उतरला आहे. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७ पासून 'अ‍ॅनिफ' नावाची प्रणाली विकसित केली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. ग्रंथपालांनी पूर्वी विषय ठरवून दिलेल्या असंख्य नोंदी तिला शिकविल्या जातात. कोणत्या शब्दांबरोबर कोणता विषय येतो हे ती त्यांतून शिकते. नवीन ग्रंथाचे शीर्षक, सारांश किंवा मजकूर दिला की ती संभाव्य विषयांची यादी देते व प्रत्येकापुढे गुण मांडते. त्यातून योग्य ते निवडण्याचे काम ग्रंथपालाला करता येते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. यंत्राचे गुरू म्हणजे जुन्या नोंदी. त्या नोंदींत पूर्वग्रह असेल तर यंत्रही तोच गिरवील, आणि तोही हजारो पुस्तकांवर एकाच वेळी. उदाहरणार्थ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९३६ चा 'जातिनिर्मूलन' हा ग्रंथ घ्या. त्यात धर्मशास्त्रांचा उल्लेख वारंवार येतो. केवळ शब्द मोजणारे यंत्र त्याला धर्मग्रंथांच्या रांगेत बसवू शकेल. पण ग्रंथाचा हेतू समाजरचना बदलण्याचा आहे. मग समाजशास्त्र शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो कसा मिळणार? शिवाय ज्या भाषेतील नोंदी थोड्या, त्या भाषेत यंत्राचे शिक्षणही अपुरे राहणार.

म्हणून यंत्र नाकारू नये, परंतु त्याच्यावर विसंबूनही राहू नये. यंत्राने सुचवावे, माणसाने तपासावे.

आपल्या लहान ग्रंथालयांतही आजच एक काम करता येईल. दाखल नोंदवहीत ग्रंथाचे नाव, लेखक व आवृत्ती यांबरोबर ग्रंथ वाचून दोन ओळींचा सारांश लिहावा. हे काम विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावे. उद्या यंत्र येईल तेव्हा ते आपल्याच नोंदींवर शिकेल. आपण नोंद केली नाही, तर आपल्या ग्रंथांची जागा दुसरेच कोणीतरी ठरवील.