विजेचा गोळा : एक न सुटलेले कोडे

मृगापूर्वीचा वळीव आणि हस्ताचा परतीचा पाऊस ह्या दोन काळांत महाराष्ट्रात विजांचा कडकडाट विशेष असतो. अशा दिवसांत वर्गात विजेचा पाठ चालू असता एखादा विद्यार्थी उठून सांगतो की, आपल्या आजोबांनी विजेचा तांबडा गोळा अंगणातून तरंगत गेलेला पाहिला होता. वर्ग हसतो. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्या मुलास ‘खाली बैस’ म्हणणे सोपे आहे. परंतु तसे म्हणणारा शिक्षक शास्त्राच्या बाजूने बोलत असतो असे मात्र नव्हे. असा गोळा पाहिल्याच्या साक्षी शेकडो वर्षांपासूनच्या आहेत, आणि तो नेमका काय असतो हे शास्त्रास अद्याप निश्चितपणे सांगता आलेले नाही.

नेहमीची वीज म्हणजे ढगाढगांत किंवा ढग आणि जमीन ह्यांच्यामध्ये उडणारी प्रचंड ठिणगी होय. ती क्षणार्धात विझते. तिच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते, एकदम प्रसरण पावते आणि त्यामुळे गडगडाट होतो. एवढे पाठ्यपुस्तकात असतेच. विजेच्या गोळ्याचे वर्तन ह्याहून अगदी निराळे सांगितले जाते. तो बहुधा वादळी पावसात, जवळपास वीज पडल्यानंतर दिसतो. आकार लिंबाएवढ्यापासून मोठ्या घागरीएवढा किंवा त्याहूनही मोठा. रंग तांबूस, पिवळा, पांढरा वा निळसर. तो जमिनीपासून थोड्या उंचीवरून सावकाश सरकतो, कधी वाऱ्याच्या उलट दिशेने जातो, खिडकीतून घरात शिरतो आणि काही सेकंदांनी निमूटपणे विझतो किंवा बार उडावा तसा फुटतो. मागे गंधकासारखा वास राहतो, असेही पुष्कळांनी नोंदविले आहे.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात वाइडकोम नावाचे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये २१ ऑक्टोबर १६३८ रोजी प्रार्थना चालू असता वादळात आगीचा गोळा आत शिरल्याचे वर्णन त्या काळच्या लेखांत आढळते. त्या दिवशी चार माणसे मरण पावली आणि सुमारे साठ जखमी झाली. गावकऱ्यांनी त्याचा दोष सैतानास दिला. पुढे १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान हे शास्त्रज्ञ आकाशातील विजेचा प्रयोग करीत असता मृत्यू पावले. शेजारी उभ्या असलेल्या चित्रकोरकाने, मुठीएवढा निळसर गोळा सळईपासून त्यांच्या कपाळाकडे झेपावला, असे सांगितले. ह्या घटनेस विजेच्या गोळ्याचे उदाहरण मानावे की नाही, ह्याविषयी मतभेद आहेत.

सर्वांत विश्वसनीय साक्षींपैकी एक मात्र विमानातील आहे. इंग्लंडचे रेडिओ-ज्योतिर्विद रॉजर जेनिसन १९६३ च्या मार्च महिन्यात रात्रीच्या विमानाने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जात होते. विमानास वीज चाटून गेली आणि काही सेकंदांनी चालकाच्या खोलीच्या बाजूने सुमारे वीतभर व्यासाचा निळसर पांढरा गोळा बाहेर आला व आसनांमधील वाटेने सरळ मागे गेला. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला, तरी त्याची धग जाणवली नाही. ही हकिगत त्यांनी १९६९ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हीच हकिगत एखाद्या गुराख्याने सांगितली असती तर ती कोणी छापली असती काय?

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. आकाशातून दगड पडतात असे शेतकरी सांगत, तेव्हा अठराव्या शतकातील बहुतेक विद्वान त्यास भ्रम म्हणत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड पडले. बिओ नावाचे तरुण शास्त्रज्ञ तेथे जाऊन खेडोपाडी फिरले, लोकांचे जबाब घेतले, दगड कोठे-कोठे पडले ते नकाशावर मांडले आणि शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरविले.

विजेच्या गोळ्याविषयी उपपत्ती पुष्कळ झाल्या. १९५५ मध्ये रशियाचे कापित्सा ह्यांनी, वादळात उत्पन्न होणाऱ्या रेडिओ-लहरी ह्या गोळ्यास ऊर्जा पुरवीत असाव्यात, असा विचार मांडला. न्यूझीलंडच्या अब्राहमसन व डिनिस ह्यांनी २००० साली म्हटले की, वीज मातीवर पडली म्हणजे मातीतील वाळूचे द्रव्य आणि कार्बन ह्यांच्या संयोगाने सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण बनतात व ते हवेत सावकाश जळत राहतात. चीनमधील छिंगहाय पठारावर जुलै २०१२ मध्ये नेहमीच्या विजेचे निरीक्षण करीत असलेल्या संशोधकांच्या यंत्रात योगायोगाने असा एक गोळा टिपला गेला. त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात सिलिकॉन, लोह व कॅल्शियम, म्हणजे मातीतलीच द्रव्ये, आढळली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोडे सुटले असे वाटावे. पण विमानात माती कोठून आली? काही शास्त्रज्ञांचे मत असे की, वारंवार होणाऱ्या विजेच्या आघातांचे चुंबकीय बल मेंदूवर परिणाम करते आणि डोळ्यांपुढे प्रकाशाचा भास होतो. हे काही साक्षींना लागू पडेल. यंत्राने टिपलेल्या गोळ्यास नाही. कदाचित एकाच नावाखाली दोन-तीन निरनिराळे प्रकार मोडत असतील.

आता वर्गाकडे वळू या. आजोबांची गोष्ट सांगणाऱ्या मुलास शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे, की गोळा म्हणजे काय? मराठीत ‘विजेचा लोळ’ हा शब्दप्रयोग रूढ असल्यामुळे साधी वीज जवळ पडली तरी ‘लोळ आला’ असे म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो गडगडत येणारा गोळा होतो. हा घोटाळा आधी दूर करावा. मग विचारावे : केवढा होता? किती दूर? किती वेळ दिसला? आणखी कोणी पाहिला? गोळा दिसण्यापूर्वी वीज पडली होती काय? मुलाने घरी जाऊन हे विचारून यावे आणि आजोबा सांगतील तसेच, पदरचे काही न घालता, वहीत लिहावे. दोन साक्षीदार असतील तर त्यांस वेगवेगळे विचारावे. ‘आठवत नाही’ हे उत्तरही लिहून घ्यावे. विज्ञानाचा ह्याहून चांगला गृहपाठ खेड्यातील शाळेस क्वचितच मिळेल, आणि त्यास साहित्य काहीच लागत नाही.

मात्र एक समजूत अशी आहे की तिच्याबाबत वही उघडण्याचे कारण नाही. पायाळू माणसावर, म्हणजे जन्मतः पाय आधी बाहेर आलेल्यावर, वीज पडते, असे अनेक गावांत मानतात. वर्गात असे एखादे मूल असले तर ढग दाटताच इतर मुले त्याच्यापासून दूर सरकतात आणि ते बिचारे भिंतीशी अंग चोरून बसते. वीज कोणाच्या जन्माची चौकशी करीत नाही. तिला उंच आणि एकाकी वस्तू जवळची. हे शिक्षकाने त्या मुलाच्या शेजारी उभे राहून स्पष्ट सांगावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मुलांस सेकंद मोजावयास लावावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर होते. तीसच्या आत आवाज आला तर मैदानावरील सर्वांनी पक्क्या इमारतीत यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरी जाण्यास सोडू नये. गुरे घेऊन रानात असलेल्या मुलांनी एकाकी झाडाखाली थांबू नये, तारेच्या कुंपणास टेकू नये, तळ्यात वा ओढ्यात असल्यास लगेच बाहेर यावे. वीज अंगावर पडलेल्या माणसास देशाच्या काही भागांत शेणात पुरून ठेवतात. त्यात मोलाचा वेळ जातो. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्यास लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी जोराने व लयीत दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.