ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची निगा

उन्हाळी पाळी घालताना किंवा ज्वारीची मळणी चालू असताना ट्रॅक्टरभोवती उठणारा धुरळा आपल्या परिचयाचा आहे. चालक तोंडाला उपरणे गुंडाळून बसतो. इंजिनाच्या तोंडावरचे उपरणे म्हणजे एअर क्लीनर. डिझेल, इंजिन ऑइल आणि टायर यांकडे शेतकरी बंधू जातीने लक्ष देतात, कारण त्यांचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो. एअर क्लीनरकडे झालेल्या दुर्लक्षाचा खर्च मात्र एकदम आणि नको त्या वेळी समोर येतो.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा शिक्षक आहे, यंत्रांचा नव्हे. तरीही हा विषय घेण्यास एक प्रसंग कारण झाला. २०२२ च्या खरिपात एका गावी सोयाबीनचे पीक प्रात्यक्षिक ठरले होते. पेरणीजोगा पाऊस झाला, बियाण्यास प्रक्रिया करून आम्ही बांधावर पोहोचलो, तर त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उघडून पडलेला. सकाळी लवकर चालू होत नव्हता, दर आठवड्यास अर्धा लिटर ऑइल टाकावे लागत होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. ट्रॅक्टर अवघा चार वर्षांचा. मिस्त्रीने इंजिन खोलून दाखविले, तेव्हा तिन्ही लायनर झिजलेले आणि रिंगांच्या कडा पात्यासारख्या पातळ झालेल्या. वापसा असताना भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला नाही. पुढे पाऊस लागून राहिला आणि पेरणी १२ दिवस लांबली.

नवलाची गोष्ट अशी की हा शेतकरी निष्काळजी मुळीच नव्हता. मळणीच्या दिवसांत तो रोज संध्याकाळी फिल्टर काढून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने साफ करून घेई. फिल्टर सदैव स्वच्छ असतो, चोक झाल्याचा दिवा कधी लागत नाही, याचा त्याला अभिमान होता. फिल्टर बल्बवर धरून पाहिला तर कागदाच्या चुण्या दोन ठिकाणी फाटलेल्या आढळल्या. आतला लहान फिल्टर तर कोणाच्या तरी सल्ल्याने, इंजिनास हवा मोकळी मिळावी म्हणून, काढूनच टाकलेला होता. फिल्टर स्वच्छ राहत होता, कारण धूळ त्यात अडकतच नव्हती.

फिल्टर चोंदला तर ट्रॅक्टर तक्रार करतो. काळा धूर येतो, ओढ कमी होते, डिझेल जास्त लागते. मालकाच्या ते लगेच लक्षात येते आणि इंजिनाचे फारसे न बिघडता इलाज होतो. फिल्टर फाटला, पाइपला चीर पडली किंवा क्लिप ढिली झाली तर मात्र ट्रॅक्टर उत्तम चालतो. लक्षण दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून चोंदण्यापेक्षा गळतीची धास्ती अधिक बाळगावी, असे माझे मत आहे.

किती हवा, कोणती धूळ

१ लिटर डिझेल पूर्ण जळण्यास किमान १० हजार लिटर हवा लागते. अडीच हजार सी.सी.चे इंजिन मिनिटास २ हजार फेऱ्यांनी चालत असेल, तर ते दर मिनिटास सुमारे २ हजार लिटर हवा ओढते. ८ तासांच्या कामात ही हवा साडेनऊ लाख लिटर होते. १० फूट लांब, तितक्याच रुंद आणि उंच अशा तीसहून अधिक खोल्यांतील हवा एका दिवसात इंजिनातून जाते, आणि तीही धुरळ्यातली.

जमिनीतील कणांचे आकार आपण माती परीक्षणाच्या निमित्ताने वाचलेले असतात. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान, पोयट्याचा २ ते २० मायक्रॉन, त्याहून मोठी ती वाळू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच असतो. त्या थरापेक्षा किंचित मोठा कण मध्ये सापडला की तो कानशीसारखे काम करतो. हे कण म्हणजे बहुतांशी पोयटा, जो हवेत बराच वेळ तरंगत राहतो. गारगोटीचा कण काचेवर ओरखडा काढतो, तेथे बिडाच्या लायनरचा काय पाड? शिवाय ही धूळ रिंगांवाटे खाली उतरून इंजिन ऑइलात मिसळते आणि क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जाते.

ऑइल बाथ एअर क्लीनर

जुन्या आणि काही नव्या ट्रॅक्टरांवर हा प्रकार असतो. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतील ऑइलवर आपटते आणि उलट फिरून तारेच्या जाळीतून वर जाते. जड धूळ ऑइलमध्ये बसते, उरलेली ओल्या जाळीला चिकटते. वाटीतील ऑइलची पातळी खुणेइतकीच हवी. कमी असेल तर धूळ अडत नाही. जास्त असेल तर ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. असे ऑइल जळू लागले की इंजिनाचा वेग आपोआप वाढतो आणि डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. हा प्रकार इंजिनास आणि जवळच्या माणसासही धोक्याचा आहे.

पातळी रोज पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासाने पाहावी, म्हणजे जाळीतले ऑइल वाटीत उतरलेले असते. तळाशी सुमारे १ सें.मी. गाळ साठला किंवा ऑइल दाट झाले की ते बदलावे. मळणीत किंवा उन्हाळी रोटाव्हेटर चालविताना ही वेळ रोज येऊ शकते, कधी दिवसातून दोनदाही. वाटीत इंजिनाचेच, त्याच ग्रेडचे ऑइल भरावे. जळके ऑइल वापरण्याची सवय सोडावी. त्यात आधीच काजळी असते आणि त्याचा दाटपणा भरवशाचा नसतो. जाळी डिझेलमध्ये धुवावी, पूर्ण निथळू द्यावी आणि मगच बसवावी. पेट्रोलने धुऊ नये. वाटी बसविताना रबरी वॉशर जागेवर आहे ना, हे पाहावे.

कागदी फिल्टर

हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर कोरडा, कागदी फिल्टर असतो. बाहेरचा मोठा फिल्टर धूळ अडवितो. आतला लहान फिल्टर पहारेकऱ्यासारखा असतो. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचविणे एवढेच त्याचे काम. तो कधीही काढून टाकू नये, झटकू नये की धुऊ नये. बाहेरचा फिल्टर तीनदा बदलला की आतला एकदा बदलावा.

बाहेरचा फिल्टर चोक झाल्याचा दिवा लागेल किंवा खुणेचा लाल पट्टा दिसेल तेव्हाच साफ करावा. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक धूळ अडवितो. त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा अधिक चांगले गाळतो, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवाय दर वेळी झाकण उघडले की थोडी धूळ आत पडण्याचा संभव असतोच. दिवा नसलेल्या ट्रॅक्टरसाठी माहितीपुस्तिकेत दिलेले तास पाळावेत.

साफ करताना हवा आतून बाहेर मारावी, दाब ३० पौंडांच्या आत ठेवावा आणि नळीचे तोंड कागदापासून चार बोटे दूर धरावे. टायरवाल्याकडील दाब याच्या कितीतरी पट असतो. तेथे जाणारच असाल तर आधी दाब कमी करून घ्यावा. फिल्टर मडगार्डवर किंवा टायरवर आपटू नये. नंतर आत पेटता बल्ब किंवा टॉर्च धरून अंधारात सर्व बाजूंनी पाहावे. टाचणीएवढा जरी उजेड दिसला तरी फिल्टर टाकून द्यावा. कागदावर ऑइल किंवा डिझेल लावू नये, पुस्तिकेत सांगितले नसल्यास पाण्यानेही धुऊ नये. झाकणाच्या खालच्या अंगाला असलेली रबरी चोच रोज दाबून साठलेली धूळ पाडावी. ती फाटली असेल तर लगेच बदलावी.

पाइप आणि क्लिपा

येथेच बहुतेकांची नजर चुकते. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपात शिरलेली हवा न गाळताच आत जाते. रबर उन्हाने तडकते, आणि चीर बहुधा क्लिपखाली असते, म्हणून दिसत नाही. क्लिप ढिली करून पाइप वाकवून पाहावा. महिन्यातून एकदा पाइप सोडून आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके स्वच्छ निघाले तर ठीक. फडक्यावर धूळ आली तर कोठेतरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत ट्रॅक्टर कामास लावू नये. चिरलेल्या पाइपास चिंधी किंवा टेप गुंडाळणे हा इलाज नव्हे.

मळणीच्या वेळी ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा करावा, म्हणजे भूस त्याच्यावर येणार नाही. रेडिएटरची जाळीही त्यामुळे मोकळी राहते.

घरच्या जीप किंवा मोटारगाडीच्या कागदी फिल्टरलाही हेच नियम लागू आहेत, फक्त तेथे सहसा आतला दुसरा फिल्टर नसतो. चोंदलेला फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, असे गॅरेजवाले सांगतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत ते खरे होते. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत संगणक हवेच्या मानाने पेट्रोल मोजून देतो, त्यामुळे ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही, गाडीची उठाव मात्र मंदावते. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातील गाडीपेक्षा लवकर बदलावा लागतो.

नवा फिल्टर हंगामापूर्वीच आणून ठेवावा. घेताना जुना सोबत न्यावा आणि उंची, व्यास व कडेचे रबर ताडून पाहावे. रबर कडक झालेला किंवा खोका ओला झालेला फिल्टर घेऊ नये. बसविण्यापूर्वी डबा आतून ओल्या फडक्याने पुसावा, तेवढा वेळ इंजिनाकडील तोंड स्वच्छ कापडाने झाकावे आणि शेवटी ते कापड काढण्यास विसरू नये. फिल्टर बदलल्याची तारीख व अवर मीटरवरील आकडा झाकणाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा.